घेणं शिकवलं, सोडणं राहिलं

पदवीला ज्यांना ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय होता त्यांना ‘डायनासोरवालं पुस्तक’ एवढं म्हटलं तरी कळतं. सिल्बरशॅट्झ, गॅल्विन आणि गॅग्ने यांचं ‘ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स’. पहिली आवृत्ती १९८३ची, दहावी २०१८ची, आणि मुखपृष्ठावर डायनासोर. आज या पुस्तकातल्या एका छोट्याशा क्रमाबद्दल लिहायचंय. डेडलॉकच्या प्रकरणात सुरुवातीलाच पुस्तक सांगतं की प्रोसेस कुठलाही रिसोर्स तीन पायऱ्यांत वापरते: मागते, वापरते, सोडते. रिक्वेस्ट, यूज, रिलीज. परीक्षेत हे दोन मार्कांना विचारतात, आपण लिहितो आणि पुढे जातो.

माझी तक्रार तिसऱ्या शब्दाबद्दल आहे. मागायचं कसं, मागितलेलं लगेच मिळालं नाही तर काय, रांगेत आधी कोण, सगळेच एकमेकांची वाट बघत अडकले तर काय, यावर पुस्तकात पानंच्या पानं आहेत. सोडण्याच्या वाट्याला त्या क्रमात एक ओळ येते. जणू काही सोडणं म्हणजे घेण्याचीच उलटी क्रिया, दार उघडलं तसंच लावलं. माझं म्हणणं असं आहे की सोडणं ही वेगळ्या जातीची आणि जास्त अवघड गोष्ट आहे. ती सोपी समजून शिकवली जाते, आणि मग तीच समजूत आपल्या कोडमध्येही उतरते आणि आमच्या क्षेत्रातल्या पेपरांमध्येही.

हे गृहीतक किती खोलवर गेलंय हे बघायला बँकर्स अल्गोरिदम घेऊ. गेट दिलेल्यांना हे गणित झोपेतही सुटतं. रिसोर्सची एकूण १० युनिट्स आहेत. ए या प्रोसेसची कमाल गरज ८, तिच्याकडे आत्ता ४ आहेत. बी ची कमाल गरज ५, तिच्याकडे ३. सी ची ७, तिच्याकडे १. शिल्लक २. ही स्थिती सुरक्षित आहे का? हो. बी ला २ द्या, तिचं काम पूर्ण होईल, ती ५ परत करेल. त्यातून ए ला ४ द्या, ती ८ परत करेल, शिल्लक ९. आता सी ला हव्या असलेल्या ६ मिळतात. सेफ स्टेट, उत्तराखाली रेघ.

आता ‘ती ५ परत करेल’ या चार शब्दांवर थांबा. का करेल? अल्गोरिदमचं उत्तर असं की प्रत्येक प्रोसेस कमाल गरज भागली की मर्यादित वेळात काम संपवते आणि सगळं परत देते. हे सिद्ध केलेलं नाही, धरून चाललेलं आहे. बी लूपमध्ये अडकली तर शिल्लक शून्य, आणि ‘सुरक्षित’ ठरवलेली सिस्टिम ठप्प. भारतातल्या वाचकाला कर्जदार सगळं कर्ज वेळेवर फेडतोच असं गृहीत धरणारी बँक दाखवली तर तो आधी एनपीएचं विचारेल, पण परीक्षेच्या हॉलमध्ये आपण कुणीच विचारत नाही. आणि बी लूपमध्ये अडकली नाही, मेलीच, तर? ऑपरेटिंग सिस्टिम तिची युनिट्स काढून घेऊ शकते. पण ते युनिट म्हणजे टेप ड्राइव्ह असेल आणि टेपवर अर्धीच नोंद लिहून झाली असेल, तर परत आलेली वस्तू पहिल्यासारखी आहे का? अल्गोरिदमच्या लेखी ती फक्त ‘एक’ आहे.

असो. बँकर्स अल्गोरिदम प्रत्यक्षात फारसा कुणी वापरत नाही, त्याच्यावर जास्त वेळ घालवत नाही. सेमाफोरचं मात्र तसं नाही.

सेमाफोर ही एट्स्गर डाइक्स्ट्रा यांची कल्पना. त्यातल्या दोन क्रिया म्हणजे पी आणि व्ही, ही डच शब्दांची आद्याक्षरं. व्ही म्हणजे ‘वाढवणे’ असं साधारणपणे सांगितलं जातं. पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या डच टिपणात या अक्षरांचा अर्थ ‘पुढे जाणं’ आणि ‘मोकळं करणं’ असा दिलेला आहे, आणि ही भाषा रेल्वे सिग्नलवरून घेतल्याचं ते सांगतात. म्हणजे व्ही मध्ये रिलीज सुरुवातीपासूनच होतं, आणि ते रेल्वेतून आलं होतं.

तर मग रेल्वेतलं मोकळं करणं कसं असतं ते बघू. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधला जो भाग असतो त्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि त्यात एका वेळी एकच गाडी. आपल्याकडे पूर्वी सर्रास दिसायची ती टोकनची पद्धत आठवून बघा: दोन्ही स्टेशनांतली यंत्रं विजेने जोडलेली, त्यातून एका वेळी एकच धातूचा गोळा बाहेर येणार, तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. हा झाला म्युटेक्स. पण गाडी पुढच्या स्टेशनात शिरली म्हणून सेक्शन लगेच मोकळा होत नाही. गाडी पूर्ण आली का हे आधी बघावं लागतं. शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते आणि ‘एल व्ही’ लिहिलेली पाटी, म्हणजे लास्ट व्हेइकल. लहानपणी आपल्याला ती फुली का असते हा प्रश्न पडलेला असतो, त्याचं उत्तर हे आहे. ती पाटी, रात्री मागचा दिवा, दिसला तरच गाडी अखंड आली असं मानायचं. दिसला नाही तर काही डबे तुटून मागे रुळावर राहिले असण्याची शक्यता आहे, आणि सेक्शन बंदच राहतो. इंजिन समोर उभं असलं तरी.

रेल्वेत ‘सोडणं’ म्हणजे हे. टोकन परत देणं हा त्यातला शेवटचा, सगळ्यात छोटा भाग. त्याआधी ‘मागे काही राहिलेलं नाही’ याची खातरजमा असते. डाइक्स्ट्रांच्या व्ही मध्ये गोळा परत येतो, शेवटचा डबा कुणी बघत नाही. शिवाय सेमाफोर म्हणजे नुसता एक आकडा. तो कुणाकडे आहे याची नोंदच नसते, एकाने पी केलं आणि दुसऱ्याच कुणी व्ही केलं तरी चालतं. गोळा घेतलेला ड्रायव्हर वाटेतच गेला, तर कोण गेलं हे सांगायलाही कुणी नाही.

याचा दोष मी डाइक्स्ट्रांना देत नाही. आइंडहोव्हनला त्यांनी बांधलेल्या ‘टीएचई’ सिस्टिममध्ये (१९६८चा पेपर) एकमेकांशी सहकार्य करणाऱ्या प्रोसेसेस ठरलेल्या आणि मोजक्या होत्या, त्या एकाच चमूने काळजीपूर्वक, तर्काने तपासत लिहिलेल्या होत्या. तिथे कुणी मध्येच ‘किल मायनस नाइन’ मारत नव्हतं. दोष त्यांच्यानंतरच्या आपल्या सगळ्यांचा आहे, की प्रोसेस सर्रास मरायला लागल्या तरी आपण तोच व्ही शिकवत राहिलो.

मग प्रोसेस मेली की ऑपरेटिंग सिस्टिम काय करते? पुष्कळ काही करते, आणि त्यामुळेच आपली फसगत होते. लिनक्सवर प्रोसेस मेली की तिची खासगी मेमरी परत जाते, उघड्या फाइली बंद होतात, सॉकेट बंद होतात. हे इतकं बिनबोभाट होतं की सगळंच आपोआप साफ होतं असं वाटायला लागतं. पण ज्या गोष्टी तिच्या एकटीच्या होत्या त्याच साफ होतात. दोन प्रोसेसेसनी वाटून घेतलेली शेअर्ड मेमरी तशीच राहते, राहायलाच हवी, दुसरी ती वापरतेय. सिस्टिम फाइव्ह पद्धतीचा सेगमेंट तर कुणीच वापरत नसलं तरी कुणी मुद्दाम काढेपर्यंत राहतो.

आता कल्पना करा, त्या शेअर्ड मेमरीत कामांची एक रांग आहे. एका प्रोसेसने लॉक घेतला, संख्या ७ ची ८ केली, नवीन काम साखळीला जोडणार एवढ्यात तिला मारलं. मेमरी कमी पडली की लिनक्सचा ओओएम किलर नेमकं हेच करतो, तो लॉक बघून मारत नाही. आता संख्या सांगते आठ, साखळीत आहेत सात. आणि लॉक बंद.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. लॉक कसा उघडायचा हा एक, आणि रांग कशी दुरुस्त करायची हा दुसरा. पहिला ऑपरेटिंग सिस्टिम सोडवू शकते. दुसरा ती सोडवूच शकत नाही, कारण ‘संख्या आणि साखळी जुळली पाहिजे’ हा नियम तिला माहीतच नाही, तो प्रोग्रामरच्या डोक्यात आहे. १९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी डेडलॉकच्या चार अटी मांडल्या, त्यातली एक म्हणजे रिसोर्स हिसकावून घेता येत नाही. काही हिसकावता येतात आणि काही नाही, असं का, हे पाठ करताना मला कधी नीट कळलं नव्हतं. उत्तर इथे आहे. सीपीयू हिसकावता येतो कारण त्याची सगळी अवस्था रजिस्टरांमध्ये असते, कर्नलला ती जपून ठेवता येते आणि पुन्हा आहे तशी मांडता येते. लॉकची अवस्था एक बिट असतो, पण लॉकने जे राखलेलं असतं त्याची अवस्था कर्नलच्या दृष्टीने नुसते बाइट्स आहेत.

पहिला प्रश्न सोडवला की दुसरा सुटला, असं समजण्याची चूक मोठमोठ्यांनी केली आहे. जावामध्ये सुरुवातीपासून थ्रेड थांबवायची ‘थ्रेड डॉट स्टॉप’ ही सोय होती. ती वापरली की त्या थ्रेडमध्ये एक एक्सेप्शन उडायचं आणि वर वर जाताना त्याने धरलेले सगळे मॉनिटर, म्हणजे लॉक, उघडत जायचं. वरवर पाहता आदर्श रिलीज, काहीच अडकून राहत नाही. १९९८च्या १.२ आवृत्तीत ती सोय नापसंत ठरवली गेली, ती ‘असुरक्षित’ म्हणून, आणि कारण नेमकं हेच दिलं गेलं की लॉक उघडतात. लॉक उघडल्यामुळे आतल्या अर्धवट बदललेल्या वस्तू बाकीच्या थ्रेड्सना दिसतात, आणि त्या बिघडलेल्या आहेत हे त्यांना कळायला मार्ग नसतो. २०२३च्या जावा २० पासून ती मेथड बोलावली तर ती काम करायलाच नकार देते. अडकलेला लॉक निदान दिसतो, सर्व्हर थांबतो, कुणीतरी बघायला येतं. आपोआप उघडलेला लॉक मात्र चुकीचा डेटा शांतपणे पुढे पाठवत राहतो.

युनिक्सच्या जुन्या सेमाफोरमध्ये ‘सेम-अंडू’ नावाचा झेंडा आहे, तो याच जातीचा. प्रोसेसने सेमाफोरवर केलेल्या बदलांचा हिशेब कर्नल ठेवतो आणि ती मेली की उलटे करून टाकतो. आकडा बरोबर होतो. रांग तशीच. आणि कधी कधी आकडाही बरोबर होत नाही: उलटं करताना किंमत शून्याच्या खाली जाणार असेल तर लिनक्स जमेल तितकी कमी करून शून्यावर थांबतो आणि पुढे जातो. हे मॅन पेजमध्ये ‘बग्ज’ या मथळ्याखाली लिहिलेलं आहे, प्रामाणिकपणाबद्दल मार्क द्यायला हवेत. पॉझिक्सच्या नव्या सेमाफोरमध्ये अशी काही सोयच नाही. धरणारा मेला, बाकीचे थांबले, संपलं.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली रचना म्हणजे रोबस्ट म्युटेक्स. लिनक्समध्ये हे २००६ साली, २.६.१७ या कर्नलमध्ये आलं. अडचण अशी होती की लिनक्सचे लॉक फ्युटेक्सवर चालतात, आणि फ्युटेक्सची गंमतच ही की भांडण नसेल तर लॉक घेताना कर्नलला विचारावंच लागत नाही, मेमरीतला एक शब्द बदलला की झालं. म्हणजे कोणी काय धरलंय हे कर्नलला ठाऊकच नसतं. प्रत्येक वेळी त्याला सांगायचं तर फ्युटेक्सचा वेगच गेला. उपाय असा काढला की प्रत्येक थ्रेड आपण धरलेल्या लॉकांची यादी स्वतःच्याच मेमरीत ठेवतो आणि त्या यादीचं डोकं कुठे आहे एवढं एकदाच कर्नलला सांगून ठेवतो. थ्रेड जिवंत असेपर्यंत कर्नल तिकडे बघतही नाही. मेला की कर्नल ती यादी चालत जातो, प्रत्येक लॉकवर ‘मालक मेला’ असा बिट लावतो आणि वाट बघणाऱ्या एकाला उठवतो. यादी खोटी किंवा गोल फिरणारी असू शकते, म्हणून २०४८ नोंदींनंतर थांबतो. लॉक हातात आला पण यादीत टाकायचा राहिला, नेमक्या त्या फटीत मृत्यू आला तर? त्यासाठी ‘सध्या याच्यावर काम चालू आहे’ असा वेगळा एक कप्पा आहे. मृत्यू कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो हे इतकं गंभीरपणे घेतलेली रचना मी फार कमी पाहिली आहे.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. उठलेल्या थ्रेडला लॉक मिळतो, पण ‘यश’ असं उत्तर मिळत नाही. ‘ईओनरडेड’ मिळतं: लॉक तुझा, पण आधीचा मालक आतच मेला. आता रांग तपास, दुरुस्त कर, आणि मग ‘कन्सिस्टंट’ या कॉलने जाहीर कर की आतलं ठीक आहे. तसं जाहीर न करता लॉक सोडलास तर म्युटेक्स कायमचा निकामी होतो, पुढच्या प्रत्येकाला ‘दुरुस्त होण्यापलीकडे’ असं उत्तर मिळतं. २००८च्या पॉझिक्समध्ये हे प्रमाणित झालं. शेवटच्या डब्यावरच्या पाटीच्या जवळ जाणारं हेच: कर्नल स्वतः काही दुरुस्त करत नाही, पण पाटी दिसली नाही एवढं पुढच्याला सांगतो.

तरीही माझी यावर एक गंभीर हरकत आहे. हे सगळं फंक्शनच्या रिटर्न व्हॅल्यूवर उभं आहे, आणि लॉक घेण्याच्या कॉलची रिटर्न व्हॅल्यू तपासायची सवय आपल्याला कुणी लावलेलीच नाही. लॉक, काम, अनलॉक, तीन ओळी, असंच पुस्तकात असतं आणि असंच आपण लिहितो. आता ते न तपासणारा कोड रोबस्ट म्युटेक्सबरोबर चालवून बघा. मालक मेला, पुढच्याला ईओनरडेड आलं, त्याने बघितलंच नाही, बिघडलेल्या रांगेवर काम केलं, ‘कन्सिस्टंट’ न म्हणता सोडलं. म्युटेक्स निकामी. तिसरा आला, लॉक मागितला, त्याला लगेच एरर आली, त्यानेही बघितली नाही, आणि तो लॉक न घेताच क्रिटिकल सेक्शनमध्ये शिरला. चौथाही त्याच वेळी शिरला. साध्या म्युटेक्सने सगळे जिथल्या तिथे थांबले असते. इथे सुरक्षेसाठी आणलेल्या सोयीनेच दार सताड उघडलं. रचनेत चूक नाही, पण ती असा प्रोग्रामर गृहीत धरते जो सोडण्याबद्दल विचार करतो. तो घडवायची जबाबदारी पुस्तकाची होती.

रस्टने हे भाषेच्या पातळीवर केलंय: लॉक धरलेला थ्रेड पॅनिक झाला की म्युटेक्स ‘विषारी’ ठरतो आणि पुढच्याला डेटापर्यंत जाण्याआधी ते उत्तर हाताळावंच लागतं. बहुतेक लोक तिथे ‘अनरॅप’ लिहून मोकळे होतात, म्हणजे आपणही मरतात. त्यात काही वाईट नाही असं माझं मत आहे. पण हे एका प्रोसेसच्या आतलं झालं. प्रोसेसलाच मारलं तर रस्टच्या सगळ्या नीटनेटक्या ड्रॉप क्रियाही चालत नाहीत.

पोस्टग्रेसचा मार्ग याहून कडक आहे. तिथे प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस असते आणि सगळ्यांमध्ये शेअर्ड मेमरी. त्यातली एक जरी अपघाताने मेली तर मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्यांना तिथल्या तिथे बंद करते, शेअर्ड मेमरी नव्याने मांडते आणि डिस्कवरच्या लॉगमधून डेटाबेस परत उभा करते. एकाच्या मरणाने शंभर जणांचं कनेक्शन तुटतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला हा अतिरेक वाटतो. पण यामागची कबुली फार स्वच्छ आहे: मेलेल्याने काय अर्धवट ठेवलंय हे आम्हाला कळू शकत नाही, तेव्हा त्या मेमरीतल्या कशावरच विश्वास ठेवायचा नाही. अर्थात मागे लॉग आहे म्हणून हे परवडतं. ज्याच्याकडे लॉग नाही त्याने ही ऐट करू नये.

सोडणं स्वतःच फसू शकतं, हाही भाग पुस्तकात दिसत नाही. फाइल बंद करणारा ‘क्लोज’ कॉल एरर देऊ शकतो. लिनक्सवर तो सिग्नलमुळे मध्येच तुटला तरी फाइल डिस्क्रिप्टर सुटलेला असतो, म्हणून ‘पुन्हा प्रयत्न करू’ म्हणून परत क्लोज केलं तर तोपर्यंत तोच नंबर दुसऱ्या थ्रेडने उघडलेल्या भलत्याच फाइलला मिळालेला असू शकतो आणि आपण ती बंद करतो. पॉझिक्सच्या फाइल लॉकची तऱ्हा तर याहून विचित्र. एका प्रोसेसने एकच फाइल दोनदा उघडली आणि त्यातला कुठलाही एक डिस्क्रिप्टर बंद केला, की त्या प्रोसेसचे त्या फाइलवरचे सगळे लॉक जातात. तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या लायब्ररीने आत कुठेतरी तीच फाइल उघडून बंद केली तरी. लॉक कुणाचा, या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं की रिलीज असं होतं. लिनक्सने २०१४ साली, ३.१५ मध्ये, उघडलेल्या फाइलशी बांधलेले वेगळे लॉक आणले तेव्हा कुठे यातून सुटका मिळाली.

इथवर पुस्तकावर टीका केली, तर त्याच्या बाजूचंही सांगायला हवं. डायनासोरवाल्या पुस्तकात ही गोष्ट अजिबात नाही असं नाही. डेडलॉकमधून सावरताना प्रोसेस मारण्याचा पर्याय येतो, तिथे ते म्हणतं की मारलेली प्रोसेस सामायिक डेटा बदलत असेल तर लॉक पुन्हा उपलब्ध करावा लागेल, पण डेटा शाबूत असेल याची हमी देता येणार नाही. अगदी बरोबर. माझ्या मते त्या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे, आणि ते उपायांच्या यादीत, एका परिच्छेदाच्या पोटात आहे. डेडलॉक झाल्यावरच ही वेळ येते असा समज त्या जागेमुळे होतो. प्रत्यक्षात डेडलॉक क्वचित होतो, प्रोसेस रोज मरतात.

संशोधनाच्या बाजूला चित्र थोडं बरं आहे, पण थोडंच. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांचा १९९१चा एमसीएस लॉक घ्या. सुंदर काम आहे, २००६चा डाइक्स्ट्रा पुरस्कार त्याला मिळालाय. प्रत्येक वाट बघणारा आपापल्या जागेवर डोळा ठेवतो, सगळे एकाच शब्दावर तुटून पडत नाहीत, म्हणून सीपीयू वाढले तरी लॉक गुदमरत नाही. पण ती रांग हात धरून उभी असते. धरणारा सोडा, रांगेत नुसता उभा असलेला एखादा मेला तरी त्याच्या मागचे सगळे कायमचे अडकतात. वेगासाठी ही किंमत मोजणं योग्य असू शकतं. किंमत मोजली आहे हे मांडायला मात्र हवं. लॉकवरचा नवीन पेपर हातात आला की मी आता आधी आलेख बघते: आडव्या अक्षावर थ्रेड्सची संख्या, उभ्या अक्षावर वेग. मग शोधते, एखादा तरी प्रयोग असा आहे का की ज्यात धरणाऱ्याला मध्येच मारलंय. तुम्हीही करून बघा.

या प्रश्नाला थेट भिडणारी एक शाखा २०१६ साली गोलाब आणि रामराजू यांच्या पेपरने पुढे आणली, रिकव्हरेबल म्युच्युअल एक्सक्लूजन. त्यात प्रोसेस कुठेही कोसळू शकते, तिचे खासगी व्हेरिएबल जातात, सामायिक मेमरी टिकते, आणि ती पुन्हा सुरुवातीपासून चालू होते. क्रिटिकल सेक्शनमध्ये कोसळली असेल तर ती परत येऊन आत शिरेपर्यंत दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. ही अट मला फार आवडते, कारण ‘ज्याने पसारा केला त्यानेच आवरावा’ हे यात आहे. पण ‘ती परत येतेच’ हे पुन्हा गृहीतच आहे, बँकेच्या कर्जासारखं. ओओएम किलरने मारलेली प्रोसेस कित्येकदा परत येत नाही, आली तरी नव्या ओळखीने येते. रोबस्ट म्युटेक्स नेमकं उलटं गृहीत धरतो: ती येणार नाही, पसारा दुसऱ्याने आवरायचा. माझ्या वाचनात हे दोन गट एकमेकांशी फार कमी बोलतात, आणि माझं स्वतःचं काम याच दोघांच्या मधल्या जागेत असल्यामुळे मला ते जरा जास्तच खुपतं.

तिसरा गट म्हणतो, काहीच कायमचं देऊ नका, भाड्याने द्या. ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ साली लीजची कल्पना मांडली, आणि कॅंडिया आणि फॉक्स यांच्या २००३च्या ‘क्रॅश-ओन्ली’ पेपरमध्ये सगळे रिसोर्स लीजवरच द्यावेत असं आहे. मुदत संपली की आपोआप सुटलं. ऐकायला छान, पण मुदत संपली म्हणजे धरणारा मेला असं होत नाही. तो नुसता झोपलेला असेल, जागा होईल आणि आपला लॉक अजून आहे अशा समजुतीत लिहायला लागेल. ब्लॉक सेक्शनमध्ये गाडी उशिरा आली म्हणून कुठला स्टेशनमास्तर घड्याळ बघून दुसरी गाडी आत सोडत नाही.

हे वाचून पटत नसेल, किंवा पटूनही हाताला कळलं नसेल, तर घरी करून बघा, तासाभराचं काम आहे. शेअर्ड मेमरीत एक रांग आणि एक म्युटेक्स ठेवा, म्युटेक्सला ‘प्रोसेसेसमध्ये सामायिक’ हा गुण द्या. दोन प्रोसेस चालवा. पहिलीत संख्या वाढवणं आणि साखळी जोडणं यांच्यामध्ये पाच सेकंदांची झोप घाला, आणि त्या पाच सेकंदांत दुसऱ्या टर्मिनलमधून तिला किल मायनस नाइन करा. दुसरी प्रोसेस थांबेल, चहा करून आलात तरी थांबलेलीच असेल. मग म्युटेक्स रोबस्ट करा, रिटर्न व्हॅल्यू मुद्दाम तपासू नका, आणि दुसरी बरोबर तिसरीही सोडा. आता काहीच थांबणार नाही. दर सेकंदाला संख्या आणि साखळीची लांबी छापत राहा, आणि आठाला सात हा फरक पुढे कसा वाढत जातो ते बघा.